वॉशर गेलाय

दार वाजलं तेव्हा मी पोहे भिजवत होते. दार म्हणजे आमच्या भाड्याच्या आरव्हीचं, चाकांवरच्या घराचं. हलकं, पातळ, बाहेरून वाजवलं की आतली भांडीही वाजायची. सकाळचे आठ वाजले असतील. श्रीरंग, माझा नवरा, आठ वर्षांच्या रेवाला घेऊन आम्ही उतरलो होतो त्या रानातल्या पार्कच्या न्हाणीघराकडे गेला होता. आरव्हीच्या टाकीत गरम पाणी जेमतेम एका माणसापुरतं असतं हे आम्हाला आदल्या दिवशी, माझ्या डोक्याला साबण असताना कळलं होतं.

बाहेर पार्कचा माणूस उभा होता. तपकिरी शर्ट, तशीच टोपी, अर्धी पिकलेली दाढी, हातात पान्हा. छातीवर नावाची पट्टी: सॅम.

“गुड मॉर्निंग, मॅम. तुमच्या पाण्याच्या जोडणीतून गळतंय म्हणे,” तो इंग्रजीत म्हणाला.

“हो. माझ्या नवऱ्यानं ऑफिसात सांगितलं असेल,” मीही इंग्रजीत म्हणाले. “कालपासून ठिबकतंय. खाली सगळा चिखल झालाय.”

तो वाकून बघू लागला. मी दारातच उभी राहिले. माणूस काम करत असताना नुसतं उभं राहणं मला जमत नाही, म्हणून काहीबाही विचारत होते. इथे किती वर्षं आहात? पाच. थंडीत पार्क बंद असतं ना, मग काय करता? बर्फ काढतो. तो एकेका शब्दात उत्तरं देत होता, आणि मध्येच मान वर करून माझ्याकडे बघत होता. मी बघितलं की लगेच पुन्हा नळाकडे. मला ते काही बरं वाटलं नाही. अंगात गाऊन होता, त्यावर श्रीरंगचं जॅकेट. मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

मग तो नळाकडेच बघत म्हणाला, “वॉशर गेलाय. बदलावा लागेल.”

“मग बदला ना,” मी म्हणाले, आणि आत वळले.

पोह्यांतलं पाणी काढलं. चाळणी सिंकवर तिरकी ठेवली. कांदा घेतला, सुरी घेतली. आणि मग हात तिथल्या तिथे थांबला.

तो मराठीत बोलला होता. आणि मी मराठीत उत्तर दिलं होतं.

मिशिगनच्या उत्तरेला, लेक सुपीरियरच्या काठी, जिथे आदल्या दोन दिवसांत आम्हाला आमच्यासारखा एकही चेहरा दिसला नव्हता, तिथे एका दाढीवाल्या माणसानं ‘वॉशर गेलाय’ म्हटलं होतं. तेही आमच्या कराडकडे म्हणतात तसं, शेवटी थोडं लांबवून.

मी परत दारात आले. तो उभा राहिला होता. त्यानं टोपी काढून हातात धरली होती. टोपी काढल्यावर कपाळ दिसलं. कपाळाच्या डाव्या कोपऱ्यात केसांचा भोवरा होता. कितीही तेल लावलं तरी तिथले केस उभे ते उभेच. आईनं त्या भोवऱ्याशी रोज सकाळी केलेली झटापट मी लहानपणी शेकडो वेळा बघितली होती.

“मृणू,” तो म्हणाला.

मी तिथेच आरव्हीच्या लोखंडी पायरीवर बसले. समोर माझा सख्खा भाऊ उभा होता. त्याला मी एकोणीस वर्षांत बघितलं नव्हतं. त्याचं शेवटचं पत्र येऊन चौदा वर्षं झाली होती. आणि गेली दहा मिनिटं मी त्याच्याशी चिखलाबद्दल बोलत होते.

श्यामकांत त्याचं नाव. मी दादा म्हणायची. १९८५ साली, बावीस वर्षांचा असताना तो शिकायला अमेरिकेत गेला. पाच वर्षं पत्रं आली. पदवी मिळाली, नोकरी लागली, घर बदललं. मग एकदम काहीच नाही. बाबांनी विद्यापीठाला लिहिलं, वकिलातीला लिहिलं, ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला लिहिलं. कुणाला काही माहीत नव्हतं. श्रीरंग त्याचा खोलीवरचा साथीदार. ‘जातोय’ एवढीच चिठ्ठी ठेवून दादा निघून गेला तेव्हा त्याची मागे राहिलेली बॅग घेऊन श्रीरंगच आमच्या घरी कराडला आला होता. ती बॅग आईनं तशीच न उघडता कपाटावर ठेवली. पुढे श्रीरंगशीच माझं लग्न झालं, मी डेट्रॉईटजवळ आले. बाबा ९९ साली गेले. शेवटचे तीन दिवस ते कुणाशी बोलत नव्हते. फक्त दाराचा आवाज झाला की डोळे उघडायचे.

हे सगळं त्या पायरीवर बसून मला आठवलं असं नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी डोक्यात काहीच नव्हतं. मी त्याच्या हाताकडे बघत होते. पान्हा धरलेला हात. दोन नखं काळी पडली होती.

“तू मला ओळखलंच नाहीस का?” त्यानं विचारलं. मराठी जपून, एकेक शब्द शोधत. “मला वाटलं, तुला माहीत आहे. मला वाटलं, तू मुद्दाम ओळख दाखवत नाहीस. मी म्हटलं, बरोबरच आहे तुझं.”

“माहीत आहे? मला काय माहीत आहे?”

तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघू लागला.

वाटेनं श्रीरंग आणि रेवा येत होते. रेवाच्या ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला. श्रीरंगच्या एका हातात साबणाची पिशवी. त्यानं आधी दादाला बघितलं, मग मला बघितलं, आणि तो जागच्या जागी थबकला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. अकरा वर्षांच्या संसारात नवऱ्याचा चेहरा वाचता येतो. तिथे आश्चर्य नव्हतं. चोरी सापडलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

“श्रीरंग,” मी म्हणाले, “तुला माहीत होतं.”

“मृणाल, मी काल सांगणार होतो. दीपगृहावर गेलो तेव्हाच. तोंडातून शब्दच निघेना.”

“कधीपासून?”

त्यानं दादाकडे बघितलं. तेही मला सहन झालं नाही.

“त्याच्याकडे काय बघतोस? मी विचारतेय. कधीपासून?”

“अठ्ठ्याण्णवपासून,” श्रीरंग म्हणाला.

सहा वर्षं. मी मनाशी मोजलं, आणि का कोण जाणे, वर्षं न मोजता भाऊबिजा मोजल्या. ज्या बाईला ओवाळायला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. दर भाऊबिजेला मी आमच्या मागच्या अंगणात थंडीत कुडकुडत निरांजन घेऊन उभी राहायची. वाऱ्यानं वात विझू नये म्हणून श्रीरंग दोन्ही हातांचा आडोसा करायचा. सहा वर्षं त्यानं माहीत असून आडोसा केला होता.

“मॉम, हू इज ही?” रेवानं विचारलं.

मग मीच म्हणाले, “नळ दुरुस्त करायला आलेत.”

दादानं मान खाली घातली.

आता मला एकेक गोष्ट उमजू लागली. आरव्ही घेऊन फिरायला जायची कल्पना श्रीरंगची. ज्याला चुलीचा धूर सहन होत नाही आणि डास चावला की अंगावर गांधी उठतात, त्या माणसाला एकाएकी रानात राहायची हौस आली तेव्हाच मला नवल वाटलं होतं. इतकी नावाजलेली उद्यानं सोडून हेच का, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, गर्दी नसते. वाटेतल्या पाच मैल लांब पुलावरून येताना वाऱ्यानं आमचा अठ्ठावीस फुटी डबा असा काही झोकांड्या खात होता की मी राम राम म्हणत होते, आणि तो दुसऱ्याच कसल्या तरी विचारात. पार्कात पोचल्यावर मागे घेताना त्यानं गाडी दोनदा झाडाला टेकवली. आदल्या दिवशी आम्ही बंद पडलेली लोखंडाची खाण बघितली, दीपगृह बघितलं, खाणकामगारांच्या पोरींनी चालवलेल्या दुकानातल्या हातभर लांब करंज्या बघितल्या. आत मांस असतं म्हणून मी खाल्ली नाही. श्रीरंगनं विकत घेतली आणि एक घास खाऊन ठेवून दिली. दीपगृहाच्या गच्चीवर तो तीनदा म्हणाला, मृणाल, एक सांगायचंय. मी तीनदा विचारलं, काय? तिन्ही वेळा म्हणाला, वारा फार आहे, खाली गेल्यावर सांगतो.

“मृणू,” दादा म्हणाला, “माझ्याबरोबर येशील? माझा ट्रक आहे. धबधब्यापर्यंत जाऊ. तिथे सकाळी कुणी नसतं. नंतर तुला पाहिजे ते कर.”

मी गेले. गाऊनवर, सपाता घालून. श्रीरंगला म्हटलं, “पोह्यांना फोडणी दे. पोरगी उपाशी आहे.” नेमकं हेच का म्हणाले, कुणास ठाऊक.

ट्रकमध्ये करवत होती, कुऱ्हाड होती, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या होत्या. वाटेत आम्ही एक अक्षर बोललो नाही. धबधबा फार उंच नव्हता, पण रुंद होता, आणि त्याचं पाणी तपकिरी होतं. थेट चहाच्या रंगाचं. दादा कठड्याला टेकला आणि शाळेतल्या मास्तरांसारखं सांगू लागला, “वर दलदल आहे. झाडांची सालं कुजतात, त्याचा रंग उतरतो पाण्यात. लोकांना वाटतं घाण आहे. घाण नाही.”

“का?” मी विचारलं.

“सांगितलं ना, सालं...”

“दादा, का?”

तो पाण्याकडे बघू लागला.

“मेलास असं समजलो आम्ही. समजलो काय, तेही धड समजता येईना. आई तुझं पान वाढायची. सणाला नाही, रोज. बाबा गेले. तुला कळलं होतं का बाबा गेलेले?”

“श्रीरंगनं फोन केला होता.”

“आणि?”

“माझ्याकडे कागद नव्हते तेव्हा. शिक्षण सोडलं त्या दिवसापासून मी इथे बेकायदा होतो. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं.”

“शिक्षण सोडलं म्हणजे? तुझी पदवी...”

“नाही झालो मी पास.” त्यानं हे इतक्या सहज सांगितलं, की मला आधी कळलंच नाही. “पहिल्याच वर्षी दोन विषय गेले. मग शिष्यवृत्ती गेली. पुढच्या वर्षी नावच काढून टाकलं. मी भांडी घासत होतो एका हॉटेलात. पत्रात लिहिलेलं, श्रीरंगला सांगितलेलं, सगळं खोटं होतं. नोकरी खोटी. ती कंपनीसुद्धा नव्हती कुठे.”

“एवढंच?” मी म्हणाले.

मला वाटत होतं याच्या हातून खून झाला असेल. तुरुंगात असेल, वेड लागलं असेल, कुणी पळवून नेलं असेल. चौदा वर्षं मी मनात एकेक भयंकर कारण रचून बघितलं होतं, आणि प्रत्येक कारणात त्याला माफ करून टाकलं होतं. आणि हा म्हणतो, नापास झालो.

“एवढंच, दादा? नापास झालास म्हणून? लोक नापास होतात. परत येतात. बाबा दोन दिवस बोलले नसते.”

“बाबांचं नव्हतं काही. बाबांना सांगितलं असतं मी. लिहूनही ठेवलं होतं पत्र. तीन वेळा लिहिलं.” त्यानं कठड्यावरचं शेवाळ नखानं खरवडलं. “मग तुझं आलं.”

“माझं काय आलं?”

“तुझं पत्र. नव्वद सालचं. एम.एस्सी. झाली, आता मला तिकडे बोलावून घे, असं. खाली एक ओळ होती. ‘आता माझी पाळी.’”

ते पत्र मला आठवत होतं. टाकलेला दिवसही आठवत होता. उत्तर आलं नाही, आणि पुढे कुठलंच पत्र आलं नाही, तेव्हा मी समजले होते की ते त्याला मिळायच्या आधीच काहीतरी झालं असणार.

आता हे सांगायला हवं. आमचे बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. ज्या उन्हाळ्यात दादाला अमेरिकेतून प्रवेशाचं पत्र आलं, त्याच उन्हाळ्यात मला मिरजेला डॉक्टरकीची जागा मिळाली होती. बाबांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, दोघांचं मला झेपणार नाही. दादा काही बोलायच्या आत मी म्हणाले, दादाला जाऊ दे. मी अठरा वर्षांची होते. मला त्यात मोठेपणा वाटला होता. त्याबद्दल मी कधी तोंडातून ब्र काढला नाही. निदान माझी तशी समजूत होती.

“तुझी जागा घेऊन मी आलो,” दादा म्हणाला, “आणि इथे ती उकिरड्यावर टाकली. आईबाबांपुढे मी उभा राहिलो असतो, मृणू. तुझ्यापुढे नसतो राहिलो. तू काही बोलली नसतीस. नुसतं बघितलं असतंस. तू आत्ता बघतेयस ना, तसं.”

मी तोंड फिरवलं. मला रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि तो कुणावर धरावा ते कळत नव्हतं. ज्याला शोधण्यात आमचं घर झिजलं, तो माझ्यापासून पळाला होता. माझ्यापासून! मी त्याच्यासाठी सोमवार धरले होते.

“मग आता कसा उभा राहिलास?” मी विचारलं.

“कॅरलमुळे थोडं. माझी बायको. गावात तिचं त्या लांब करंज्यांचं दुकान आहे, काल तुम्ही गेला होता ते. श्रीरंगनं सांगितलं तिला, तू कोण ते. तिनं तुला बघितलं. रात्री येऊन म्हणाली, तुझी बहीण तुझ्यासारखीच चालते, पाय आपटत.” तो जरासा हसला, आणि लगेच थांबला. “लग्नानंतर माझे कागद झाले. तीन वर्षं झाली त्याला. श्रीरंग तेव्हापासून मागे लागलाय, सांगतो तिला, सांगतो तिला. मीच म्हणायचो, पुढच्या वर्षी. अठ्ठ्याण्णव साली मीच त्याला फोन केला, तेव्हाच शपथ घातली होती. तिला सांगितलंस तर हा फोनसुद्धा बंद होईल, म्हणालो होतो. त्याचा दोष नाही.”

“कुणाचा दोष ते मी ठरवीन,” मी म्हणाले.

मग माझ्या डोक्यात एकच विचार शिरला, आणि त्यानं बाकी सगळं बाजूला सारलं. कराडला आता संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. आई दिवा लावून पडवीत बसली असेल.

“आईला फोन लावायचा,” मी म्हणाले. “आत्ता.”

दादाचा चेहरा पांढरा पडला. “मृणू, आज नको. मला जरा...”

“चौदा वर्षं जरा-जराच केलंस. चल.”

रानात मोबाईल चालत नव्हता. पार्कच्या ऑफिसबाहेर, बर्फाच्या पेटीशेजारी, नाणी टाकायचा फोन होता. मी आरव्हीत जाऊन पर्समधलं भारतात फोन लावायचं कॉलिंग कार्ड आणलं. श्रीरंग रेवाला पोहे भरवत होता. फोडणीत मोहरी जळली होती, सगळ्या डब्यात वास भरला होता. तो उठून माझ्या मागे आला. मी नको म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. रेवा बशी हातात घेऊनच आमच्या मागोमाग आली.

कार्डाचे आकडे लांबलचक असत. माझी बोटं दोनदा चुकली. दादा माझ्याशेजारी उभा होता आणि टोपी पिळत होता. मला एकच भीती होती. आई त्र्याहत्तर वर्षांची, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. घरात एकटी. एकदम सांगितलं आणि काही झालं तर? शेजारच्या इनामदार वहिनींना आधी फोन करून आईजवळ जाऊन बसायला सांगावं का? पण तोवर फोन लागला होता. तिकडे घंटी वाजत होती.

“हॅलो,” आई म्हणाली.

“आई, मी बोलतेय. मृणाल.”

“हां. बोल.”

“आई, तू उभी आहेस का? आधी खाली बस बघू. खुर्चीवर बस. एक गोष्ट सांगायचीय, पण घाबरू नकोस, चांगलीच गोष्ट आहे. बसलीस?”

“बसलेय,” आई म्हणाली. आणि मग शांतपणे विचारलं, “भेटला का?”

मला वाटलं फोनमध्ये काही गडबड आहे.

“काय म्हणालीस?”

“श्याम भेटला का तुला? आज भेटणार होता ना?”

मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. त्याच्याकडे बघितलं. पुन्हा कानाला लावला.

“आई, तुला... तुला कुणी सांगितलं?”

“श्रीरंगनं. त्याला बोलू नकोस काही. बाबांच्या तेराव्याला तुम्ही आला होता, तेव्हा मीच त्याला विचारलं. तो श्यामच्या फोटोकडे बघत नव्हता बघ. सगळ्या फोटोंकडे बघायचा, त्या एका फोटोकडे नाही. मी म्हटलं, याला ठाऊक आहे. हात धरून विचारलं. खोटं बोलता येईना त्याला.”

“पाच वर्षं तुला माहीत आहे? तू मला सांगितलं नाहीस? मी दर रविवारी फोन करते, आई! दर रविवारी आपण त्याच्याबद्दल बोलतो!”

“तू बोलतेस. मी ऐकते.”

“पण का?”

“हेच,” आई म्हणाली. “हेच पहिलं विचारलं असतंस त्याला. गाडी काढून गेली असतीस, उभं करून विचारलं असतंस, का. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं गं. पुन्हा पळाला असता. मला तो असलेला पाहिजे होता. कुठेही असो, पण असलेला.”

पलीकडे आमच्या घराशेजारच्या देवळातली आरती ऐकू येत होती.

“आता कागद झाले, लग्न झालं, त्याची भीती थोडी कमी झालीय असं श्रीरंग म्हणाला. मीच म्हटलं मग, तिला घेऊन जा. काहीतरी सहलीचं निमित्त काढ. आधी तिच्यासमोर उभा राहू दे. तिच्यासमोर उभा राहिला की माझ्याकडे आपोआप येईल.” आई थांबली. “मृणाल, विचारलंस ना त्याला?”

“हो.”

“किती वेळा?”

“दोनदा.”

“बरं,” आई म्हणाली. “आता नको विचारू. फोन दे त्याला.”

मी रिसीव्हर दादाच्या हातात दिला. तो हातात धरून तसाच उभा राहिला. आईचा आवाज बाहेर ऐकू येत होता, बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. ती त्याचं नाव घेत नव्हती, रडत नव्हती. ती विचारत होती, “थंडी फार असते का रे तिकडे?”

दादानं रिसीव्हर कानाला लावला.

“असते,” तो म्हणाला. “खूप असते.” आणि मग जे त्याला आठवलं ते तो सांगत सुटला. नोव्हेंबरपासून बर्फ पडतं. पुरुषभर उंच थर साचतो. दाराबाहेर फावडं ठेवावं लागतं. तळं गोठतं, पण मधोमध गोठत नाही, तिथून वाफा निघतात. रस्त्यावर मीठ टाकतात. त्याच्याकडे दोन जोड बूट आहेत, एक आतून लोकरीचा. एकदा एक हरीण बर्फात रुतलं होतं, ते त्यानं आणि कॅरलनं दोर लावून काढलं. मराठी शब्द सापडला नाही तिथे इंग्रजी, तोही सापडला नाही तिथे हातवारे, जणू आईला ते दिसत होते. गालांवरून पाणी वाहत दाढीत जिरत होतं आणि तो बर्फाविषयी बोलत होता. आई मधूनमधून हं, हं करत होती. त्यानं चौदा वर्षांबद्दल एक शब्द सांगितला नाही. तिनं एक शब्द विचारला नाही. मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते आणि मला वाटत होतं, हे दोघं कोण आहेत? मी यांच्या घरात वाढले?

कार्डावरचा वेळ संपला आणि हरणाच्या नंतरच्या कुठल्याशा वाक्यात फोन मधेच बंद झाला.

“कट झाला,” दादा म्हणाला. रिसीव्हर त्याच्या हातातच होता.

“मॉम,” रेवानं माझा गाऊन ओढला, “प्लंबर का रडतोय?”

“तो प्लंबर नाही,” मी म्हणाले. “तो मामा आहे. तुझा मामा.”

दोन दिवस आम्ही आणखी राहिलो. मी दादाशी बोलले, कॅरलनं माझ्यासाठी मुद्दाम बटाट्याची केलेली करंजी खाल्ली, रेवाला तळ्याकाठचे खडे वेचायला त्यानं नेलं तेव्हा मागून गेले. श्रीरंगशी बोलले नाही. परतीच्या वाटेवर तो पुढे एकटा गाडी चालवत होता आणि मी मागे टेबलाशी बसले होते. पूल ओलांडल्यावर एका विश्रांतीच्या जागी त्यानं गाडी थांबवली, मागे आला, समोर बसला.

“शिव्या दे,” तो म्हणाला, “पण बोल.”

“बाबांना माहीत होतं?”

“नाही.”

“तू सांगू शकला असतास. एक वर्ष होतं तुझ्या हातात.”

“त्यांनाच सांगणार होतो मी. त्यांच्या कानात सांगायचं, असं ठरवून निघालो होतो. तू आधी गेलीस, मला सुट्टी मिळायला चार दिवस लागले. मुंबईला उतरून विमानतळावरून तुला फोन केला, तेव्हा तू म्हणालीस, गेले.”

तो खरं बोलत होता, आणि त्या खऱ्यानं काहीच भरून येत नव्हतं. आज वीस वर्षं झाली. आम्ही एकत्रच आहोत, बरे आहोत. पण त्या चार दिवसांचा विषय आमच्यात पुन्हा निघालेला नाही.

दादा त्याच वर्षी डिसेंबरात कराडला गेला. मीही तिकीट काढायला निघाले होते. आईनं फोनवर सांगितलं, “या वेळी तू नको येऊस. पहिल्यांदा त्याला एकट्याला येऊ दे.” आईनं माझ्या आयुष्यात मला घरी येऊ नको म्हटलं ते तेवढं एकदाच. श्रीरंग त्याच्याबरोबर गेला, मुंबईहून त्याला गाडीत बसवून दिलं आणि स्वतः पुण्याला आपल्या घरी गेला.

त्या रविवारी सकाळी मी नेहमीसारखा फोन लावला. आईनं उचलला.

“आला,” ती म्हणाली. “काल दुपारी पोचला.”

मागे दादाच्या हसण्याचा आवाज येत होता. मोठ्यानं, खोकला येईपर्यंत हसत होता. आईही बोलता बोलता हसू लागली, इतकी की तिला धड बोलता येईना. त्यांच्यात काहीतरी चाललं होतं, फोन वाजायच्या आधीपासूनचं.

“थांब हं, मृणाल,” ती कशीबशी म्हणाली. “जरा वेळानं करते मी.”

“कर,” मी म्हणाले. काय झालं, ते मी विचारलं नाही.